मिस्त्रींचा एकच शब्द

माणसाची वाचा पूर्ण गेली तर घरचे रडून घेतात आणि मग कामाला लागतात. मिस्त्रींची वाचा पूर्ण गेली असती तर बाईंनीही तेच केलं असतं. पण पक्षाघातानं उजवा हात नेला, उजवा पाय अर्धा नेला, सगळी भाषा नेली आणि जाता जाता तोंडात एक शब्द ठेवला. तो शब्द होता ‘च्यायला’.

आता सांगा, काय करायचं बाईंनी? हा माणूस नाकासमोर चालणारा. लिफ्ट दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं म्हणून सगळं गाव मिस्त्री म्हणायचं. चर्चमध्ये वडील म्हणून नेमलेला, म्हणजे पाळकसाहेब गावाला गेले की उपासना चालवणारा. पायावर उकळता चहा सांडला तरी ‘असू दे’ म्हणणारा. अडतीस वर्षांच्या संसारात बाईंनी या माणसाच्या तोंडून शिवी सोडा, कुणाला ‘मेल्या’ म्हटलेलंही ऐकलं नव्हतं.

आणि दवाखान्यात तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले, तेव्हा पाळकसाहेब त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत होते. पाळकसाहेब वयानं कोवळे, नुकतेच नेमणुकीवर आलेले. मिस्त्रींनी त्यांच्याकडे टक लावून बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, ‘‘च्यायला.’’ पाळकसाहेबांनी डोळे उघडले, परत मिटले आणि प्रार्थना लवकर आटोपती घेतली. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा पोट धरून हसला. बाईंना मात्र धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

त्याला पाच महिने झाले. पाणी हवं, च्यायला. पंखा बंद कर, च्यायला. मुलीचा फोन आला, ती परमुलखात नोकरीला, ‘‘बाबा, कसे आहात?’’ तर बाबा काय म्हणणार? मुलगी तिकडे रडायची आणि इकडे मिस्त्री फोनकडे बघत तोच शब्द पुन्हा पुन्हा, इतक्या मायेनं म्हणायचे, की बाईंना हसावं की रडावं तेच कळायचं नाही. हळूहळू त्यांना सूर ओळखता यायला लागले. शेवट वर उचलला की पाणी. तोडून म्हटला की उशी सरकली आहे. लांबवला की बाथरूम, आणि तिथे उशीर करून चालायचं नाही.

बाई लाँड्रीत रफू करायच्या. काचेच्या मागे एक टेबल, दिव्याची वाकडी मान, सुयांचा डबा आणि लोकांचे जळलेले, फाटलेले कोट. दुपारपर्यंत तिथे, तोवर शेजारीण मिस्त्रींवर लक्ष ठेवायची. मग घरी. पूर्वी बाई रफू करताना मनातल्या मनात प्रार्थना करायच्या. एक टाका, एक नाव. आजारी माणसं, नापास मुलं, कुणाची रखडलेली सोयरीक, सगळी त्या कोटांच्या कोपरांत शिवली जायची. आता नुसते टाके पडायचे. बाईंची प्रार्थनाच बंद झाली होती. देवावर विश्वास उरला नव्हता असं नाही. त्याच्याशी बोलायचं काय, हेच समजत नव्हतं. ज्याने चांगलं बोलणाऱ्याचं बोलणं नेलं आणि शिवी ठेवली, त्याला म्हणायचं काय? आभार मानायचे? का विचारायचं, की ही थट्टा कुणाची चालवली आहेस?

दर मंगळवारी दवाखान्यात बोलायला शिकवणारी मुलगी असायची. हसरी, चष्मेवाली, हातात चित्रांचे पत्ते. तिनं बाईंना समजावलं, ‘‘काकू, पाठ असलेल्या गोष्टी बरेचदा शाबूत राहतात. पाढे, वार, गाणी, प्रार्थना. आणि शिव्या. डोक्यात त्यांचा कप्पाच वेगळा म्हणा ना. तुम्ही त्यांच्याबरोबर म्हणून बघा.’’

बाईंनी घरी आल्या आल्या सुरुवात केली. ‘‘बे एके बे,’’ त्या म्हणाल्या. आणि काय सांगावं, मिस्त्री म्हणाले, ‘‘बे एके बे, बे दुणे चार,’’ आणि न अडखळता थेट वीसवर जाऊन थांबले. बाईंच्या अंगावर काटा आला. तीनचा पाढा झाला, चारचा झाला. मग बाईंनी त्यांचा हात धरला, डोळे मिटले आणि प्रभूची प्रार्थना सुरू केली. पहिली ओळ त्यांनी म्हटली. थांबल्या. मिस्त्रींनी तोंड उघडलं, ओठ जुळवले, कपाळावरची शीर फुगली, आणि बाहेर पडलं ते तेच.

सात वेळा झालं. सातव्या वेळी मिस्त्री रडले आणि बाईंनी नाद सोडला.

पुढच्या मंगळवारी बाई एकट्याच दवाखान्यात गेल्या आणि त्या मुलीवर जवळजवळ खेकसल्याच. ‘‘पाढे राहिले आणि प्रार्थना गेली, हे कसं?’’

ती मुलगी गडबडली. ‘‘काका प्रार्थना घडाघडा म्हणायचे का?’’

घडाघडा? बाई विचारात पडल्या. घडाघडा म्हणायच्या नणंदबाई. प्रभूची प्रार्थना म्हणजे त्यांची जलद गाडी, मधलं एकही स्टेशन घ्यायची नाही. मिस्त्री कायम मागे राहायचे. एकेक ओळ म्हणायचे, थांबायचे, नट घट्ट बसला का बघावा तसे, आणि मगच पुढे सरकायचे. सगळ्यांचं आमेन होऊन जायचं आणि मिस्त्री अजून मधल्या ‘रोजची भाकर आम्हाला दे’ या ओळीपाशी असायचे. आणि स्वतःची प्रार्थना तर त्यांनी दोनदा सारखी कधी केलीच नाही.

‘‘मग कदाचित ती त्या कप्प्यात गेलीच नसेल,’’ मुलगी म्हणाली. ‘‘विचार न करता जे म्हणतो, ते तिथे राहतं. नक्की नाही सांगता येत, काकू.’’

म्हणजे घोकंपट्टी केली असती तर प्रार्थना वाचली असती. मन लावून केली म्हणून गेली. हा कुठला न्याय? बाई बसच्या रांगेत उभ्या राहून स्वतःशीच पुटपुटत होत्या आणि दोन बस सोडून दिल्या तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. आणि दुसरी शंका त्याहून वाईट होती. विचार न करता म्हटलेलं राहतं, तर मग हा शब्द? तो मिस्त्रींनी कधी घोकला? कुठे? कुणासमोर?

ही शंका त्यांनी शेवटी सुतारकाकांना विचारली. सुतारकाका म्हणजे मिस्त्रींचे जुने दोस्त, निम्म्या इमारतींत दोघांनी बरोबर कामं केलेली. काका आधी छताकडे बघत बसले.

‘‘वहिनी, लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेल्या माणसाला विचारू नये.’’

‘‘म्हणजे म्हणायचे.’’

‘‘पाना निसटून खाली पडला की म्हणायचा. रोज दोन-चारदा तरी पडायचाच. आणि लगेच वर बघून माफी मागायचा. वर म्हणजे पाच-सहा मजले काळोख. आम्ही वरून ऐकायचो. आधी हे, मग ते. आम्हाला वाटायचं, चाललंय ह्याचं त्याच्याशी.’’

बाईंना याचं हसू यायला हवं होतं. आलं नाही. अडतीस वर्षं एका ताटात जेवल्यासारखं राहायचं आणि नवऱ्याच्या तोंडातला एक शब्द सुतारकाकांना माहीत, आपल्याला नाही. त्यांना राग आला, आणि कुणाचा ते कळेना.

अशात गुरुवारची घरसभा त्यांच्याकडे आली. मंडळीतली दहा-बारा माणसं दर गुरुवारी संध्याकाळी एकेकाच्या घरी जमायची. गाणं, शास्त्रवाचन, मग सगळे हात धरून गोल बसायचे. एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची आणि झाली की पुढच्याचा हात दाबायचा. ज्याला काही म्हणायचं नसेल त्यानं नुसताच दाबायचा, नंबर पुढे सरकतो. डोळे मिटलेले, त्यामुळे कोण गप्प राहिलं याची कुणी नोंद ठेवत नाही. बाई पाच महिने नुसता हात दाबत होत्या.

बाईंच्या घरची पाळी दोनदा लोकांनी समजून टाळली होती. तिसऱ्यांदा नणंदबाईंनीच परस्पर हो म्हणून टाकलं. नणंदबाई मिस्त्रींहून मोठ्या, एकट्या राहणाऱ्या, शाळेत पर्यवेक्षिका होत्या आणि निवृत्तीनंतरही मनानं वर्गावर्गांतून फिरतच होत्या.

‘‘घरात प्रार्थना व्हायलाच हवी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘फक्त त्याला आत ठेव. दार लावून घे.’’

‘‘ताई, त्यांचंच घर आहे.’’

‘‘मला कळत नाही का? माझा भाऊ आहे तो. पण चाळीस वर्षं ज्यानं मंडळीपुढे प्रार्थना केली त्यानं आता तिथे बसून ते बोलायचं? लोक तोंडावर काही म्हणणार नाहीत. मागून हसतील. त्याची शोभा झालेली तुला चालेल?’’

बाईंनी मान्य केलं. कारण खरं सांगायचं तर त्यांनाही तेच हवं होतं. नणंदबाईंनी ते तोंडानं म्हटलं म्हणून त्या वाईट ठरल्या, एवढंच. बाईंना मिस्त्रींची लाज वाटत होती. रोज रात्री त्यांचं अंग पुसताना वाटत नव्हती, घास भरवताना वाटत नव्हती. चार लोकांत वाटत होती. आणि लाज वाटते याचीही लाज वाटत होती. असा तो दुहेरी गुंता, आणि त्याचं टोक काही सापडेना.

गुरुवारी बाई लवकर घरी आल्या. शेजारणीकडून खुर्च्या आणल्या, खोली झाडली, चहाचं आधण मोजून ठेवलं. आत बघतात तर मिस्त्री पलंगाच्या कडेला बसून रविवारचा पांढरा सदरा घालत होते. एका हातानं. खुर्च्यांचा आवाज ऐकून त्यांनी काय ते ओळखलं असणार. वरची दोन बटणं चुकीच्या काजांत गेली होती आणि तिसऱ्याशी झटापट चालू होती.

‘‘अहो, आज तुम्ही आतच पडून राहा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘दमाल उगीच.’’

मिस्त्रींनी बटण सोडलं. बाईंकडे बघितलं. ‘‘च्यायला,’’ ते म्हणाले.

हा सूर बाईंच्या ओळखीचा नव्हता. पाणी नव्हतं, उशी नव्हती, रागही नव्हता. काय होतं ते? त्या दोन मिनिटं उंबऱ्यात उभ्या राहिल्या, मग बेल वाजली म्हणून बाहेर गेल्या. माणसं आत येताना कुणीतरी मिस्त्रींच्या खोलीचं दार ओढून घेतलं. नणंदबाईच असणार.

माणसं जमली. पाळकसाहेब, त्यांची बायको, सुतारकाका, बाकी नेहमीची मंडळी. गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला आतून काठी आपटल्याचा आवाज आला. सगळ्यांनी ऐकला आणि सगळे जरा मोठ्यानं गायला लागले. गाणं संपल्यावर सुतारकाकांनी विचारलं, ‘‘मिस्त्री कुठे आहे?’’

‘‘झोपलाय,’’ नणंदबाई म्हणाल्या.

‘‘झोपू द्या, झोपू द्या,’’ पाळकसाहेब म्हणाले, आणि सगळ्यांनाच हायसं वाटलं. बाईंनी तो सुस्कारा ऐकला. बारा माणसांचा एक सुस्कारा. त्यात त्यांचा स्वतःचाही होता.

त्या उठल्या. का उठल्या ते विचारलंत तर त्यांना आजही सांगता येणार नाही. धीर आला, विश्वास जागा झाला, असलं काही नाही. त्यांनी दार उघडलं. मिस्त्री तसेच बसले होते, सदऱ्याची सगळी बटणं लावून झालेली, एकेक घर चुकलेली. डोळे कोरडे. बाईंनी बटणं सोडवून पुन्हा नीट लावली आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, ‘‘हे बघा, चला. पण बोलायचं नाही. तुमचा नंबर आला की नुसता माझा हात दाबायचा. कळलं?’’

मिस्त्रींनी मान हलवली.

बाहेर सगळे उठून उभे राहिले. सुतारकाकांनी सरकून जागा केली. मिस्त्रींच्या डाव्या हाताला सुतारकाका, उजव्या हाताला बाई, बाईंच्या पलीकडे नणंदबाई. नणंदबाईंनी बाईंचा हात धरला तो पोलिसानं धरावा तसा.

पाळकसाहेबांनी सुरुवात केली. प्रार्थना गोलातून फिरायला लागली. कुणाचा गुडघा, कुणाची परीक्षा, कुणाच्या सुनेचं बाळंतपण. मधे दोन-तीन जण गप्प, नुसते हात दाबले गेले. मग सुतारकाका, आखूड आणि नेमके. ‘‘आमेन,’’ ते म्हणाले, आणि मिस्त्रींचा हात दाबला.

बाई वाट बघत होत्या. मिस्त्री हात दाबतील, आपण दाबू, संपलं. हात काही दाबला जाईना. अहो, दाबा ना, त्या मनात म्हणत होत्या. आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांच्या हातात होता मिस्त्रींचा उजवा हात. पाच महिने त्या तो हात धूत होत्या, त्याची नखं कापत होत्या, रोज त्याची बोटं उलगडून तेल चोळत होत्या. तो दाबू शकत नाही हे जगात त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि त्यांनीच माणसाला त्या बाजूला बसवलं आणि म्हणाल्या, दाबा.

आपणच पुढे दाबून टाकावं, कुणाला कळणार आहे. त्यांची बोटं नणंदबाईंच्या हातात वळायलाच लागली होती. तेवढ्यात मिस्त्रींनी खोल श्वास घेतला.

‘‘च्यायला,’’ ते म्हणाले.

नणंदबाईंचा हात ताठ झाला.

‘‘च्यायला,’’ मिस्त्री पुन्हा म्हणाले, हळू, खालच्या पट्टीत. थांबले. पुन्हा म्हणाले. आणि बाईंना ते ओळखू आलं. ही सुरुवात होती. मिस्त्री प्रार्थनेला असेच लागायचे, दारात चपला काढून आत यावं तसे, स्वर्गातल्या बापाला हाक मारायची आणि जरा थांबायचं. मग आभार. आवाज वर चढला, एकेका गोष्टीपाशी थांबत, एकेक मोजत. मग आजारी माणसं, तिथे ते कधीच घाई करत नसत. एक शब्द, थांबणं, एक शब्द, थांबणं, प्रत्येक थांब्यात एकेक माणूस. सुतारकाकांची बायको गेल्या महिन्यात पडली होती. सुतारकाकांनी नाक ओढलं. मग आवाज चिरकला, आणि बाईंना कळलं की आता मुलगी आली. मुलीपाशी तो वर्षानुवर्षं चिरकत आलाय. मग तो अगदी खाली गेला, जवळजवळ कुजबुज, आणि तिथे ते नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिले. इथे कोण असतं तेही बाईंना माहीत होतं. अडतीस वर्षं या ठिकाणी त्यांचंच नाव यायचं.

एकही जण हसला नाही. शेवटचा शब्द त्यांनी अगदी हलकेच ठेवला आणि गप्प झाले.

‘‘आमेन,’’ सुतारकाका म्हणाले. मग पाळकसाहेब म्हणाले, मग सगळे.

बाईंना वाटलं, सुटलो. पण मिस्त्रींची बाजू हलली. सुतारकाकांच्या हातातून त्यांनी आपला डावा हात काढून घेतला, तो पोटावरून इकडे आणला आणि बाईंचा हात दाबला. जोरात. दाबा म्हणाली होतीस ना, हा घे. आता तुझा नंबर.

पलीकडे नणंदबाईंचा हात तयार होता. नुसता दाबायचा, बस. पाच महिन्यांची सवय होती.

‘‘प्रभू,’’ बाई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला. ‘‘मला काही कळत नाही. तू पाढे ठेवलेस आणि प्रार्थना नेलीस, हे मला पटलेलं नाही. पटलं असं मी म्हणणार नाही, तू रागावलास तरी. मी आज यांना आत ठेवलं होतं. ताईंनी सांगितलं म्हणून नाही. मलाच लाज वाटत होती. हे तुझ्यासमोर यायला लाजले नाहीत आणि मी यांच्याशेजारी बसायला लाजले.’’ कुणीतरी खुर्चीत चुळबुळलं. ‘‘उद्या सकाळी यांना आंघोळ घालायची आहे. बाथरूमच्या उंबऱ्यावर यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर येतो आणि माझे गुडघे थरथरतात. यांना कळतं ते. मग हे भार घ्यायचा नाही म्हणून अंग चोरतात आणि आम्ही दोघंही पडायला होतो. तर मला तेवढ्या उंबऱ्यापुरती ताकद दे. जास्त नको. परवाचं मी परवा मागीन.’’

याच्या पुढचं त्यांना आलं नाही. त्या तशाच बसून राहिल्या, डोळ्यांतून पाणी, पुसायला हात मोकळा नाही.

मिस्त्री मंडळीत नेहमी सगळ्यांच्या आधी आणि ठासून आमेन म्हणायचे. तसेच ते आता म्हणाले, ‘‘च्यायला.’’

‘‘आमेन,’’ बाई म्हणाल्या, आणि नणंदबाईंचा हात दाबला.